रेगे सरांचे जादाचे पाच मार्क

ज्या वर्षी अभ्यास कमी होतो त्या वर्षी गोष्टी जास्त होतात. माझी ताई, मंदा, अकरावी सायन्सला होती ते वर्ष तसं होतं. ताईला त्यातल्या अर्ध्या गोष्टी आठवत नाहीत. मला आठवतात. मी तेव्हा नववीत होते आणि फारशी बोलत नसे. जो बोलत नाही त्याच्यासमोर लोक सगळं बोलतात, आणि मग ते साठत जातं.

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर. ताईचं कॉलेज परळला, चालत पंधरा मिनिटांवर. म्हणून तिच्या प्रॅक्टिकलच्या बॅचमधले दोघं आमच्याकडे जर्नल लिहायला येत. एक हेमा, कफ परेडच्या मच्छीमार नगरातली. दुसरा शेखर, माटुंग्याचा. हेमा दारातूनच बोलायला लागायची. शेखर चप्पल काढून, ती भिंतीला समांतर ठेवून, मग आत यायचा.

त्या दिवसांत बाबाही घरी असत. ते गिरणीत साचेखात्यात विणकर होते, आणि संपाला वर्ष होत आलं होतं.

* * *

पहिली गोष्ट ताईच्या मार्कांची, कारण बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघाल्या.

सहामाहीत ताईला फिजिक्समध्ये तीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत. त्या कॉलेजात नियम होता की सहामाहीत पस्तीस नसतील तर वार्षिक परीक्षेला बसू देत नसत, म्हणजे वर्ष गेलंच.

बाबांनी पेपर हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि आईकडे दिला. ओरडले नाहीत. म्हणाले, "परीक्षेक बसूक मिळाला तर कॉलेज. नाय मिळाला तर मे महिन्यात गावाक जावचा, काकाकडे. मगे थयच ऱ्हवाचा."

ताई म्हणाली, "एक वर्ष परत दिलं तर?"

बाबा म्हणाले, "वर्षां आता माझ्याकडे नाय गो."

त्यानंतर त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही. पण ताईने गणपतीच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर मे महिन्याचं पान उलटून पाहिलेलं मी पाहिलं.

* * *

रेगे सर फिजिक्स शिकवायचे. राहायला गिरगावात. बारीक आवाज, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत, आणि प्रत्येक वाक्य पूर्ण करायची सवय. ताई घरी त्यांची नक्कल करून दाखवायची, त्यामुळे प्रत्यक्ष पाहण्याआधीच मला ते ओळखीचे झाले होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला सरांनी वर्गात सांगितलं, "ज्यांना हवे असतील त्यांनी जादाचे पाच गुण मिळवावेत. आपल्या घरातली किंवा आजूबाजूची एखादी गोष्ट तीस दिवस मोजायची. रोज. तक्ता करायचा, ग्राफ काढायचा. पुस्तकातलं उतरवलेलं चालणार नाही."

मागून कोणीतरी विचारलं, "सर, थोडंफार केलं तर तीन मिळतील का?"

"पाच किंवा शून्य," सर म्हणाले. "तीन गुणांचं काम म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही."

फळ्याशेजारी एक कागद लावला आणि नावं लिहायला सांगितली. संध्याकाळपर्यंत अकरा नावं झाली. पहिलं नाव शेखरचं. त्याला सहामाहीत अठ्ठ्याऐंशी होते. बाकीचे दहाही सगळे पास झालेले. नापास झालेल्यांपैकी एकाचंही नाव नव्हतं.

सरांनी कागद काढला, वाचला, परत लावला आणि म्हणाले, "ज्यांना ताप नाही तेच आधी थर्मामीटर मागतात."

ताईने नाव दिलं नव्हतं. आपण नापास आहोत हे त्या कागदावरून सगळ्यांना कळेल असं तिला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत हेमाने तिचं नाव खाली लिहून टाकलं आणि तिला येऊन सांगितलं, "नापास आहेस ते सगळ्यांना माहितीच आहे, मंदे. आता प्रयत्न करतेस तेवढं नवीन कळेल."

* * *

शेखरने लंबक घेतला. नुसता प्रयोगशाळेतला हातभर लंबक त्याला नको होता. त्याने तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या गॅलरीतून खाली अंगणापर्यंत दोरी सोडली आणि तिला पितळेचा लोटा बांधला. रोज सकाळी वीस हेलकाव्यांना लागणारा वेळ मोजायचा.

अडचण अशी की त्या कॉलनीत वरच्या मजल्यावरच्या बायका सकाळी भाजीसाठी दोरीने टोपली खाली सोडतात. भाजीवाल्याला लंबक काय माहीत. तिसऱ्या मजल्यावरून काहीतरी खाली आलंय एवढंच त्याने पाहिलं. त्याने कोथिंबिरीची जुडी लोट्यात ठेवली आणि वर हाक मारली, "अजून काय देऊ, भाभी?"

शेखर वरून घड्याळात बघत हेलकावा द्यायच्या तयारीत होता. त्याने प्रयोग थांबवला नाही. वीस हेलकावे पूर्ण होऊ दिले आणि जर्नलमध्ये त्या दिवसापुढे लिहिलं: "वस्तुमान – लोटा व कोथिंबीर."

सरांनी ते पान वाचलं. "कोथिंबिरीने वेळेत फरक पडला?"

"नाही, सर."

"म्हणजे शास्त्र बरोबर आहे. जुडीचं काय केलंस?"

"आईने चटणी केली, सर."

"तेही लिही. नमुन्याचं पुढे काय झालं ते लिहायचं असतं."

आणि शेखरने लिहिलं. मी ते जर्नल स्वतः पाहिलंय. चटणी असा शब्द असलेलं ते फिजिक्सचं एकमेव जर्नल असेल.

* * *

हेमाने बोंबील घेतले. ओले बोंबील वाळताना रोज वजन किती कमी होतं, ते बघायचं. हे तिला सुचायला वेळ लागला नाही. तिच्या दारातच बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात.

तिने दहा बोंबील निवडले आणि प्रत्येकाच्या शेपटीला नंबराची चिठ्ठी बांधली. वजन मात्र तिला बारीक हवं होतं, म्हणून ती ते रोज डब्यातून कॉलेजात आणून प्रयोगशाळेच्या काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलायची. प्रयोगशाळेचे शिपाई गावडे मामा. त्यांनी दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल लावला आणि तिसऱ्या दिवशी सरांकडे तक्रार नेली.

"सर, मी स्वतः मालवणचा. मासे मलाही आवडतात. पण त्या काट्यावर आता मीठ तोललं तरी बोंबलाचा वास येतो."

सर म्हणाले, "वासाला वजन असतं का, मामा?"

"नाही."

"मग काटा बिघडलेला नाही."

पाचव्या दिवशी सकाळी हेमा डबा भरायला गेली तर मांडवावर नऊच. सहा नंबरचा गायब. आईला विचारलं. तिची आई टोपलीतले मासे निवडत होती, वर न बघता म्हणाली, "त्यो ना? गिऱ्हाईक आला, दिला."

"आई, त्याला चिठ्ठी बांधली होती."

"होय गो बाय. ती सोडूनच दिला. चिठ्ठीसकट कोण घेईल?"

हेमाने आमच्या खोलीत बसून हे सांगितलं तेव्हा शेखर इतका हसला की त्याची शाई सांडली. हेमाने शांतपणे जर्नल उघडलं आणि सहा नंबरच्या रकान्यात, पाचव्या दिवसापासून शेवटपर्यंत, एकच उभी ओळ लिहिली: "नमुना विकला गेला."

सरांनी पाच दिले. खाली लिहिलं, "उरलेल्या नऊंची सरासरी योग्य."

* * *

ताईला काय मोजावं ते सुचेना. यादीतल्या बाकीच्यांचे चार-चार दिवस झाले तरी ती रिकामीच. सरांनी तिला थांबवून विचारलं, "परब, तुमच्या घरात काय आहे?"

"काही नाही, सर."

"हवा असेल ना?"

ताई हो म्हणाली. सरांनी कपाटातून दोन थर्मामीटर काढून दिले. एक तसाच टांगायचा. दुसऱ्याच्या खालच्या गोळ्याला ओली वात गुंडाळायची, वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भराभर सुकतं आणि तो थर्मामीटर खाली उतरतो. दोघांतला फरक पाहून पुस्तकातल्या कोष्टकावरून हवेत पाण्याचा अंश शेकडा किती आहे ते काढायचं.

आईने देव्हाऱ्यातल्या वातींपैकी एक लांबशी काढून दिली. ताईने दोन्ही थर्मामीटर खिडकीशेजारच्या खिळ्यांना टांगले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. ते उठले, जवळ आले, आणि दोन्ही काचांकडे पाहून म्हणाले, "ह्यो तर आमच्या खात्यातलो!"

मग त्यांनी सांगितलं. साचेखात्यात भिंतीवर असाच दोन काचांचा थर्मामीटर असायचा. हवा कोरडी पडली की सूत कडक होतं आणि धागे तुटतात. धागा तुटला की साचा, म्हणजे माग, थांबतो. म्हणून हवेत पाण्याचा फवारा सोडावा लागतो, आणि फार ओल झाली तरी सूत बिघडतं, म्हणून फवारा बंदही करावा लागतो. तो आकडा बघायचं काम वेगळ्या माणसाचं होतं. "पण माका आकडो बघूक लागा नाय," बाबा म्हणाले. त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर घासून दाखवलं. "धाग्याक हात लावलंय की कळता."

इतकं सलग ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. आई स्टोव्ह तसाच ठेवून ऐकत उभी राहिली.

ताईचं सकाळी लेक्चर आणि दुपारी प्रॅक्टिकल. मीही सकाळी शाळेत. म्हणून ठरलं की बाबा सकाळी सात आणि दुपारी तीन वाजता आकडे घ्यायचे आणि पाटीवर लिहून ठेवायचे. कोष्टक ताईने मोठ्या अक्षरात उतरवून भिंतीला लावलं. ती संध्याकाळी आकडे जर्नलमध्ये उतरवायची. सात आणि तीन या वेळा बाबांनीच निवडल्या. त्या गिरणीतल्या पाळीच्या वेळा होत्या.

* * *

चार-पाच दिवसांत चाळीत बातमी पसरली. दुपारी तीनला आमच्या दारात माणसं यायला लागली. सगळे संपावरचे. हात मागे बांधून उभे राहायचे.

"काय परबानू, आज किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"बरी आसा."

शेजारचे तात्या बाबांच्याच खात्यात जॉबर होते, म्हणजे विणकरांवर देखरेख करणारे. ते चष्मा लावून आकडा स्वतः तपासायचे. एकदा खालच्या मजल्यावरचे एकजण, जे सूत कातायच्या खात्यात होते, ते म्हणाले, "आमच्याकडे एवढी ओल चालायची नाही." त्यावर तात्यांनी त्यांना सांगितलं, "तुमच्याकडे नका चालवू. ही साचेखात्याची खोली आहे."

त्या दिवशी ताई लवकर घरी आली. दारात पाच माणसं वाद घालतायत, खिडकीत बाबा, आणि तिला आत जायला वाट नाही.

"बाबा, हे माझं जर्नल आहे," ती म्हणाली.

"होय गो," बाबा म्हणाले. "आमी जर्नलच बघतंव."

मला त्या दिवसांत एक गोष्ट दिसत होती. दुपारी एकच्या सुमारास मी शाळेतून आले की कधी खिडकीवर ओलं गोणपाट टांगलेलं असायचं, कधी फरशीवर पाणी शिंपडलेलं असायचं. कधी उलट, खिडकी आणि दार सताड उघडं. ताई यायच्या वेळेपर्यंत गोणपाट गॅलरीच्या कठड्यावर वाळत असे. मला वाटलं, धूळ बसावी म्हणून. विचारलं नाही. बाबा काम करताना शीळ घालत होते, आणि शीळ घालणाऱ्या माणसाला थांबवावंसं मला वाटलं नाही.

* * *

यादीत एक संजय होता, दादरचा. त्याने आजोबांची नाडी मोजायला घेतली होती. तीस दिवसांचा तक्ता त्याने सगळ्यांच्या आधी दिला. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. ग्राफ पट्टीने ओढल्यासारखा सरळ.

सरांनी वर्गातच विचारलं, "आजोबा कसे आहेत?"

"बरे आहेत, सर. साताऱ्याला असतात."

"कधी गेले?"

संजय बेसावध होता. "दिवाळीनंतर लगेच, सर."

यादी लागली होती डिसेंबरात. वर्ग हसला. सर हसले नाहीत. "माणसाची नाडी इतकी सरळ फक्त एकदाच येते," ते म्हणाले, आणि वहीवर शून्य लिहिलं. मग सगळ्यांना सांगितलं, "खरं मोजलं की रेघ वर-खाली होते. सरळ रेघ मला दाखवू नका."

ताईने ही गोष्ट घरी आल्या आल्या सांगितली. आम्ही सगळे हसलो. बाबा सगळ्यांत जास्त.

* * *

तीस दिवस झाले त्या संध्याकाळी ताई ग्राफ काढायला बसली. हेमा आणि शेखर आले होते. ताईने ग्राफपेपरवर एकेक टिंब दिलं. रोज नुसते आकडे उतरवताना तिच्या लक्षात आलं नव्हतं. उलट आकडे जवळजवळ सारखे येत असल्यामुळे तिला गणित सोपं जात होतं. आता टिंबं जोडली तेव्हा सगळे ग्राफवर वाकले.

हेमा म्हणाली, "मंदे, हे तर संजयचे आजोबा."

रेघ अठ्ठ्याहत्तरवर सुरू होत होती आणि अठ्ठ्याहत्तरवर संपत होती. मध्ये कुठे सत्त्याहत्तर, कुठे एकोणऐंशी, दोनदा एक्याऐंशी.

"पण आकडे खरे आहेत," ताई म्हणाली. "बाबांनी रोज घेतलेत. तात्यांनी तपासलेत."

"सर तात्यांना ओळखतात का?" हेमाने विचारलं.

शेखर ग्राफकडे बघत होता. तो कधी खोटं बोलत नसे, म्हणून तो जे म्हणाला त्याचं मला नवल वाटलं. "सात-आठ टिंबं वर-खाली कर. एक पासष्टवर, एक सत्तरवर. मग खरं वाटेल."

ताईने पेन्सिल उचलली. मी समोर होते. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलं होतं. पाच मार्क म्हणजे वार्षिक परीक्षा, आणि शून्य म्हणजे काकांचं घर, हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं.

बाबा गॅलरीतून आत आले. त्यांनी ऐकलं असावं. म्हणाले, "आकडो बदलूचो नाय. मी बघललो आसा तो."

ताईने पेन्सिल खाली ठेवली आणि जर्नल तसंच नेऊन दिलं.

* * *

दुसऱ्या दिवशी जर्नल परत आलं. आत पेन्सिलीने शून्य, आणि खाली "पालकांना घेऊन या."

बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. ताईचे डोळे सुजले होते. आई मला म्हणाली, "तू जा दोघांबरोबर." मी जाऊन काय करणार होते ते मला कळलं नाही, पण गेले.

सर प्रयोगशाळेत होते. टेबलावर ताईचं जर्नल उघडं. गावडे मामा मागे काचेच्या नळ्या पुसत होते. सरांनी बाबांना बसायला सांगितलं. बाबा उभेच राहिले. मग सरही उभे राहिले.

"ही रीडिंग कोणी घेतली?" सरांनी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. बाहेर ते शुद्ध बोलायचा प्रयत्न करायचे. "सकाळी सात आणि दुपारी तीन. एक दिवस चुकवला नाही."

"मुंबईत डिसेंबर-जानेवारीत दुपारी हवा इतकी दमट नसते. आणि तीस दिवस एकसारखी तर कधीच नसते. हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य आहे," बाबा म्हणाले. "नसतेच."

सरांनी जर्नलकडे पाहिलं. त्यांना बहुतेक दुसऱ्या उत्तराची अपेक्षा होती.

"मग हे अठ्ठ्याहत्तर कसं?"

"ठेवली म्हणून राहिली. खाली जायला लागली की गोणपाट भिजवून खिडकीला लावायचं. फरशीवर पाणी मारायचं. दोन वेळा एक्याऐंशीवर गेली, तेव्हा दार-खिडकी उघडली. एक्याऐंशी चालत नाय." बाबा जरासे संकोचले. "फवारा नाही ना घरात. नाहीतर तेवढीपण गेली नसती."

गावडे मामांचा पुसायचा हात थांबला. ताई बाबांकडे बघत होती. मी जमिनीकडे बघत होते, कारण गोणपाट मी रोज पाहिलं होतं.

"पण कशासाठी?" सरांनी विचारलं.

बाबांनी सरांकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. "मुलीला मार्क मिळायला हवे होते ना?"

ताई हळू म्हणाली, "बाबा, हवा नुसती मोजायची होती."

"नुसती मोजून काय करायचं?" बाबांनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

सर खाली बसले. जर्नलची पानं पहिल्यापासून उलटली. एक्याऐंशीच्या दोन टिंबांवर बोट ठेवलं. मग त्यांनी खोडरबर घेतलं आणि शून्य पुसलं. पाच लिहिले नाहीत.

"यादी दहा दिवसांनी ऑफिसात जाते," ते म्हणाले. "आठ दिवस पुन्हा रीडिंग घ्या. त्याच वेळा, तेच थर्मामीटर. खिडकी रोज असते तशी. हवेला हात लावायचा नाही."

"खाली गेली तरी?" बाबांनी विचारलं.

"खाली गेली तरी."

"किती खाली?"

"ती जाईल तितकी, परबसाहेब."

* * *

ते आठ दिवस असे गेले. पहिल्या दिवशी दुपारी तीनला एकसष्ट. दारातल्या माणसांनी आकडा ऐकला आणि एकमेकांकडे पाहिलं. तात्या म्हणाले, "परब, पाणी मारा." बाबांनी सांगितलं, परवानगी नाही.

दुसऱ्या दिवशी बावन्न. तिसऱ्या दिवशी बाहेरून कोरडा वारा आला आणि सत्तेचाळीस. तात्या म्हणाले, "मी उद्यापासून येत नाही. बघवत नाही." चौथ्या दिवशी दारात कोणीच आलं नाही.

बाबा तीनच्या आधी पाच मिनिटं थर्मामीटरसमोर बसायचे. हात मांडीखाली दाबून. गोणपाट कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं होतं. एकदा ते उठून त्याच्याजवळ गेले, ते हातात घेतलं, आणि परत ठेवलं. आई म्हणाली, "बाहेर जरा चक्कर मारून या." ते म्हणाले, "तीन वाजूचे आसत."

सहाव्या दिवशी ते मला म्हणाले, "आज तू बघ," आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मी आकडे पाहिले आणि पाटीवर लिहिले. कोष्टकात त्रेचाळीस निघाले. त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

आठवा दिवस झाला. नवव्या दिवशी ताईने जर्नल नेलं. त्यात आता दोन ग्राफ होते, समोरासमोर. एक तीस दिवसांचा सरळ. दुसरा आठ दिवसांचा, करवतीच्या दातांसारखा.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा चपला न काढताच आत आली. "पाच दिले. पस्तीस झाले. सरांनी माझ्यासमोर यादीत लिहिलं." आईने तिच्या तोंडावरून हात फिरवला. मे महिन्यात गावाला जायचं ते आता सुट्टीपुरतं, हे कोणी बोलून दाखवलं नाही.

बाबांनी जर्नल मागितलं. ताईने पान उघडून दिलं. आठ दिवसांच्या ग्राफखाली लाल शाईत पाच होते.

"आणि ह्येका?" बाबांनी समोरच्या सरळ रेघेवर बोट ठेवून विचारलं.

"त्याला काही नाही," ताई म्हणाली. "त्याला मार्क नसतात, बाबा."

बाबा ते पान घेऊन खिडकीत उजेडाला गेले. वर-खाली होणारी रेघ त्यांनी बोटाने पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट पाहिली. मग जर्नल मिटून ताईच्या हातात दिलं.

"पाच कशे दिले ते माका कळूक नाय," ते म्हणाले. "ह्या हवेत एक वार कापड निघाचा नाय."